रवाळ

आमच्याकडे तूप कढवायचं खातं माझ्याकडे आहे. फेस बसला, तळाशी बेरी तांबूस झाली, की गॅस बंद करायचा, विड्याचं पान टाकायचं आणि गाळून पातेलं ओट्यावर ठेवून द्यायचं. पुढचं काम सगळ्यात अवघड, ते म्हणजे त्याला हात न लावणं. घाईनं फ्रीजमध्ये ढकललं तर तूप मेणासारखं थिजतं. आपलं आपण निवू दिलं तर रवा धरतं.

परवा रविवारी रात्री इकडे पातेलं निवत होतं आणि तिकडे लेकीचा लॅपटॉप तापला होता. ती 'मेसा' चालवत होती. ही फुकटात मिळणारी आज्ञावली आहे. सूर्याएवढा तारा घ्यायचा आणि तो म्हातारा होऊन श्वेत बटू होईपर्यंत गणितानं पुढे ढकलत न्यायचा. "बाबा, हा बघा, इथे अडकलाय." ताऱ्याच्या शेवटच्या उचक्या चालल्या होत्या. आतला हेलियमचा थर पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. तिथे गणिताला मुंगीची पावलं टाकावी लागतात. बाहेरचे थर उडून गेले, की उरतो कार्बन-ऑक्सिजनचा, पृथ्वीएवढा गोळा. हाच श्वेत बटू. जाळायला काही नाही. मग गणित ढांगा टाकत सुटतं.

म्हटलं, नुसतं निवायचंच तर आहे, त्याला मॉडेल कशाला?

१९५२ साली खगोलशास्त्रज्ञ लिऑन मेस्टेल यांनी ते जवळजवळ इतकंच सोपं मांडलं होतं. आत उष्णतेचा साठा, वर पातळ पांघरूण. पांघरुणातून किती झिरपते ते काढा, की ताऱ्याचं वय मिळालं. पांघरूण म्हणजे वस्तुमानाचा जेमतेम शंभरावा भाग हेलियम आणि त्यावर फार तर दहा हजारावा भाग हायड्रोजन. निखाऱ्यावरच्या राखेसारखं. (श्वेत बटू म्हटलं की आपल्याला चंद्रशेखर आणि १९३० सालची मुंबईहून सुटलेली बोट आठवते. पण ती गोष्ट फार जड झालेला श्वेत बटू कोसळण्याची, ही निवण्याची.)

गोम पुढेच आहे. निवता निवता हा गोळा थिजतो. कार्बन-ऑक्सिजनचे अणू रांगेत बसून स्फटिक होतात, आणि थिजताना दडलेली उष्णता बाहेर टाकतात. म्हणजे निवणं रेंगाळतं. ह्यू व्हॅन हॉर्न यांनी १९६८ सालीच हे सांगून ठेवलं होतं. पुरावा मिळाला २०१९ साली. गाया दुर्बिणीनं टिपलेले, ३०० प्रकाशवर्षांच्या आतले सुमारे १५ हजार श्वेत बटू आलेखावर मांडले, तर एका ठरावीक रंग-तेजापाशी गर्दी दिसली. थिजण्यापायी खोळंबलेली मंडळी!

"म्हणजे रवाळ तूपच की," मी खूश होऊन म्हणालो.

"नाही हो बाबा. तूप कडेनं थिजतं. तारा मधून, जिथे दाब जास्त तिथून."

बाल्कनीतून व्याध दिसत होता. त्याच्या जोडीदाराला श्वेत बटू होऊन बारा-तेरा कोटी वर्षंच झालीत. पृष्ठभाग अजून २५ हजार अंशांवर. नुकताच गॅस बंद केलेला म्हणायचा. आणि पार गार झालेला श्वेत बटू अजून कुठेच नाही. त्याला विश्वाचं १३.८ अब्ज वर्षांचं वयही पुरलेलं नाही.

"तूप भरलं का बरणीत?" आतून आवाज आला.

मी पातेल्याला बोट लावून पाहिलं. कोमट होतं.

"थांब गं जरा."