तुम्ही विचारलंत म्हणून: चालतंय, तर उघडायचं कशाला?

‘आजोबांचं एचएमटी जनता घड्याळ आहे. चावी दिली की चालतं, दिवसाला दोन-तीन मिनिटं मागे पडतं एवढंच. मग सर्व्हिसिंग कशाला?’ हा प्रश्न वारंवार येतो.

कारण तेल. तेल सुकलं म्हणून चावीचं घड्याळ लगेच बंद पडत नाही, आणि नुकसान होतं ते त्यामुळेच. जनता सेकंदाला ५ ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलून ठोके देणाऱ्या चाकाच्या, आसाचं टोक जेमतेम ०.१ मिमी जाडीचं. तेल सुकून चिकट झालं की धातूची झीज त्यात मिसळते आणि तेच तेल पॉलिशच्या पावडरसारखं आस घासू लागतं. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग, मात्र जोर लावतच राहते. घड्याळ चालतं आणि आतून झिजतं. चाकांच्या टोकांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर ही झीज सुरू झाली असं समजा.

तबकडीवरच्या ‘१७ ज्वेल्स’वर विसंबू नका. ज्वेल्स म्हणजे घासणाऱ्या जागी बसवलेले कठीण खडे. ते बॅलन्स, पॅलेट (ठोक्यागणिक चाकांना अडवून सोडणारा छोटा काटा) आणि चाकांसाठी असतात. मेनस्प्रिंगच्या डब्याचा आस सहसा धातूच्या भोकातच फिरतो. सगळ्यात जास्त जोर तिथे, म्हणून भोक लांबट होतं ते तिथलं. डबा कलला की त्याचे दात पुढच्या चाकाला तिरके लागतात.

बंगळूरचा एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने उभा राहिला. जनताची ही मशीन पूर्ण सुटी करून धुता येते, आणि तशीच धुवायला हवी. अख्खी मशीन पेट्रोलमध्ये बुडवून वरून तेल सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. मळ खड्यांच्या भोकांतच राहतो. नव्याने रंगवलेल्या तबकडीची ‘मुंबई स्पेशल’ घड्याळं ऑनलाइन घेणाऱ्यांनी तर तबकडीआधी मशीनचा फोटो मागावा.

उघडल्यावर पहिलं काम स्प्रिंगचा ताण उतरवण्याचं. चावीचा खटका बाजूला धरून क्राऊन (चावी द्यायचं बटण) बोटांत हळूहळू उलटा फिरू द्यायचा. हे विसरून पॅलेटचा पूल (त्याला वरून धरून ठेवणारी धातूची पट्टी) काढला, तर सगळी चाकं एकदम सुसाट फिरतात आणि दात किंवा आसाची टोकं मोडतात. मग बॅलन्स, पॅलेट, चाकं, शेवटी डबा. प्रत्येक खड्याचं भोक टोकदार लाकडी काडी फिरवून साफ करायचं. काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. पॅलेटचे दोन खडे लाखेने चिकटवलेले असतात, म्हणून पॅलेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचं नाही. लाख विरघळते आणि खडे सरकतात.

खरं कसब तेल घालण्यात आहे. बॅलन्सला पातळ तेल, जोर घेणाऱ्या मधल्या चाकाला जाड, चावीच्या भागांना ग्रीस. खड्याला वाटीसारखा खळगा असतो, तो अर्धा भरला की पुरे. तेल काठावरून ओसंडलं तर ते पुलाच्या धातूवर पसरतं आणि नेमकं भोकातलंच ओढून नेतं. जास्त तेल घातलेलं घड्याळ असं कोरडं पडतं. एस्केप व्हीलचे, म्हणजे पॅलेटला ढकलणाऱ्या शेवटच्या चाकाचे, दात पॅलेटच्या खड्यांवर घासतात तिथे अगदी किंचित. पॅलेटच्या आसाला तेल नाही. चाकांच्या दातांनाही नाही. तिथे ते फक्त धूळ धरतं.

उलट तक्रारही येते: घड्याळ अचानक दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे जातं. अशा वेळी हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सवरची केसासारखी बारीक स्प्रिंग, बघा. तेल लागलं किंवा चुंबकत्व आलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके वाढतात. चुंबकत्व असेल तर डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांत जातं, तेल असेल तर धुवावंच लागतं. रेग्युलेटरची (घड्याळाचा वेग कमी-जास्त करणारी) काडी मायनसकडे ढकलून यातलं काहीच सुटत नाही.

घड्याळ परत घेताना दुरुस्त करणाऱ्याकडे टाइमग्राफरचे, म्हणजे ठोके ऐकून वेग आणि झोका मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे मागा. पूर्ण चावी देऊन घड्याळ तबकडी वर करून ठेवलं, की बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या आसपास हवा. मग चावी न देता २४ तासांनी पुन्हा मोजायला सांगा. तेव्हा तो २०० च्या खाली गेला असेल, तर मेनस्प्रिंग थकलेली आहे किंवा मळ अजून आतच आहे. रेग्युलेटरला हात लावायचा तो हे दोन्ही आकडे जमल्यावरच. त्यानंतर चावी रोज ठरावीक वेळी द्या, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा उघडून घ्या, तेव्हाही ते चालत असलं तरी.