सात सेंटिमीटरला एक गिरकी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सरांनी विषय दिला: एका दिशेचा स्पिन मोजताना होणारी चूक आणि त्या मोजण्याने दुसऱ्या दिशेच्या स्पिनमध्ये होणारी ढवळाढवळ, दोन्ही न्यूट्रॉनवर मोजायच्या. स्पिन म्हणजे न्यूट्रॉनच्या आतली जणू छोटी चुंबकसुई. व्हिएन्नातल्या हासेगावा यांच्या गटाने २०१२ साली हा प्रयोग केला होता. मला तो एका छोट्या अणुभट्टीवर पुन्हा उभा करायचा होता. पेपर वाचून वाटलं, स्पिन फिरवायला चार कॉइल, ठरावीक दिशेच्या स्पिनचेच न्यूट्रॉन निवडणारे दोन-तीन सुपरमिरर, शेवटी न्यूट्रॉन मोजणारा एक डिटेक्टर, महिन्याभराचं काम. आठ महिने गेले.

हायझेनबर्ग १९२७ साली म्हणाला होता की चूक आणि ढवळाढवळ यांचा गुणाकार एका मर्यादेखाली जात नाही. जपानी शास्त्रज्ञ ओझावांनी २००३ साली दाखवलं की नुसता गुणाकार पुरत नाही, त्यात आणखी दोन पदं मिळवावी लागतात. मला पहिल्यांदा अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. खरी किंमत आधी ठरलेलीच नसेल, तर चूक कशाच्या तुलनेत धरायची? उत्तर असं की तेच यंत्र, त्याला वेगवेगळ्या अवस्थेतले न्यूट्रॉन द्यायचे आणि मिळालेल्या सरासरींमधून चूक काढायची. आमच्याकडे चार अवस्था आणि प्रत्येकीचे चार निकाल (एकामागोमाग दोन मोजमापं, प्रत्येकाची दोन उत्तरं), म्हणजे यंत्राच्या एका कोनाला, ते ज्या दिशेचा स्पिन मोजतं त्या दिशेला, सोळा मोजण्या. चूक म्हणजे काय याची ही व्याख्या सगळ्यांना मान्य नाही, बुश, लाह्टी आणि वेर्नर यांनी २०१३ मध्ये वेगळी मांडली. त्या वादात मी तेव्हा पडले नाही, कारण माझी कॉइलच जागेवर बसत नव्हती.

न्यूट्रॉनच्या वाटेवर स्पिनची दिशा टिकवायला एक चुंबकीय क्षेत्र ठेवतात, गाईड फील्ड. साधारण १ मिलिटेस्लाच्या गाईड फील्डमध्ये दोन हजार मीटर प्रति सेकंद वेगाचा न्यूट्रॉन जेमतेम सात सेंटिमीटर जातो, तेवढ्यात त्याचा स्पिन एक पूर्ण गिरकी घेतो. म्हणजे कॉइल एक मिलिमीटर सरकली की स्पिनचा कोन पाच अंशांनी बिघडला. रोज तेच: कॉइलचा करंट थोडा वाढव, काउंट घे (डिटेक्टरमध्ये किती न्यूट्रॉन आले ते), पुन्हा वाढव. आलेखावर कोसाइनची लाट उमटली की तिचा तळ शोधायचा. काउंटही फुकट मिळत नाहीत. एक टक्का अचूकता हवी तर दहा हजार न्यूट्रॉन मोजा, अर्धा टक्का हवी तर चाळीस हजार.

एकदा दोन दिवस लाट रोज वेगळ्या जागी यायला लागली. पॉवर सप्लाय बदलला, केबल बदलल्या, प्रोग्राम तीनदा वाचला. शेवटी टेबलाखाली वाकले तर दुसऱ्या कॉइलच्या अगदी खाली स्टीलचा पाना पडलेला! मीच ठेवला होता, आणि रोज काम करता करता पायाने इकडे-तिकडे ढकललाही मीच. सरांना मी ‘चुंबकीय अडथळा’ एवढंच सांगितलं.

त्यानंतर मात्र भराभर झालं. यंत्राचा कोन शून्यावर ठेवला, म्हणजे हव्या त्याच दिशेला मोजलं, तर चूक जवळजवळ शून्य आणि ढवळाढवळ १.४ च्या आसपास. कोन नव्वद केला की नेमकं उलट. दोन्ही टोकांना गुणाकार शून्याला टेकलेला, आणि हायझेनबर्गच्या जुन्या सूत्राप्रमाणे तो १ च्या खाली जायलाच नको होता. ओझावांची बेरीज मात्र १ च्या वर राहिली. चूक अगदी शून्य आली नाही, कारण सुपरमिररमधून पार झालेल्या सगळ्याच न्यूट्रॉनचा स्पिन एका दिशेचा नसतो.

पहिला बिंदू आलेखावर टाकला आणि सरांना फोन करायच्या आधी टेबलाखाली एकदा बघून आले.