अनुराधपूरचा बोधिवृक्ष, जाणाऱ्यांसाठी थोडं

श्रीलंकेत अनुराधपूरला जय श्री महाबोधीपाशी, म्हणजे तिथल्या बोधिवृक्षापाशी, पोचलात की आधी नीट बघा कुठलं झाड ते, कारण खालच्या अंगणातही मोठमोठे पिंपळ आहेत आणि बरेच जण त्यांचेच फोटो काढून परततात. मुख्य झाड वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याआड, फांद्या बारीकच, सोनेरी टेकूंवर तोललेल्या. पहिल्यांदा वाटतं एवढंसंच? पण सम्राट अशोकाची मुलगी, भिक्खुणी झालेल्या संघमित्रा थेरींनी बोधगयेहून आणलेली फांदी इ.स.पू. ३ऱ्या शतकात देवानंपिय तिस्स राजाने लावली ती हीच, आणि बोधगयेतलं आत्ताचं झाड १९व्या शतकातलं, म्हणजे वयाने हेच थोरलं. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही इथल्याच फांद्यांचा, बौद्ध भिक्खू भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला इथे परकं वाटतच नाही.

वर जाऊ देत नाहीत, वंदन खालूनच. पांढरे कपडे घाला, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, टोपी आणि चपला बाहेर. दुपारी फरशी आणि वाळू अशी तापते की पळत सुटावं लागतं, म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी जा, नाहीतर मोजे ठेवा. बाहेर कमळं विकायला असतात, ती घ्या पण वास घेऊ नका, वाहायचं फूल हुंगत नाहीत तिथे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी तर अजिबात नको, खरंच चिडतात लोक.

संध्याकाळच्या पूजेला ढोल वाजायला लागले की बसून घ्या. बुद्धवंदनेतलं त्रिसरण पंचशील पालीतच, चाल वेगळी असली तरी दोन ओळींत आपण आपोआप त्यांच्यात मिसळतो, शेवटी साधु साधु साधु म्हणताना शेजारच्या आजींनी माझ्याकडे वळून बघितलं आणि हसल्या, भाषा एकमेकांची कळत नव्हती तरी. मला तरी स्तूपांपेक्षा हा तासभर जास्त आवडला.

पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, गर्दी तुफान. डिसेंबरातली उंदुवप पोया संघमित्रा थेरींच्या आगमनाची, तेव्हा जायचं तर राहायची सोय फार आधी बघा. रुवनवेलिसाय स्तूप इथून चालत जाता येतो, बाकीचे अवशेष मात्र लांब लांब पसरलेत, सायकल किंवा टुकटुक (रिक्षा) घ्या, पासपोर्ट जवळ असू द्या. मिहिंतले साधारण १३ किमीवर, जिथे संघमित्रांचे भाऊ भिक्खू महिंद थेर तिस्स राजाला भेटले, पायऱ्या १,८४० म्हणतात, पण गाडी बरीच वरपर्यंत जाते, सोबत म्हातारी माणसं असतील तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.