सॅफिरीनला टेकलेला क्वार्ट्झ

गार्नेट आणि ऑर्थोपायरोक्सीन या खनिजांच्या विश्लेषणातून त्या ग्रॅन्युलाइटचं, म्हणजे खोलवर प्रचंड उष्णतेत रूपांतरित झालेल्या खडकाचं, घडतानाचं तापमान आठशे अंश सेल्सियसच्या आसपास येत होतं. अहवालात लिहायला सोयीचा आकडा. त्याच खडकाचा नवा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, तर निळसर सॅफिरीन या खनिजाला एक रंगहीन कण थेट भिडलेला. मध्ये कसलंही कडं नाही.

असं काही दिसलं की आधी संशय घ्यायचा. सॅफिरीनभोवती बहुधा कॉर्डिएराइट हे खनिज असतं. तेही रंगहीन, आणि दोन्ही ध्रुवक लावले की क्वार्ट्झसारखंच राखाडी. मुरलेली माणसंही यात फसतात. कॉर्डिएराइटच्या खुणा म्हणून त्यातल्या झिरकॉनच्या कणांभोवतीची पिवळी वलयं शोधली, त्याच्या बदलातून भेगांत होणारा पिवळट-हिरवा पिनाइट शोधला. काही नाही. मग खनिज ओळखून देणारी प्रकाशाची व्यतिकरण आकृती पाहिली: एकअक्षीय, धन. क्वार्ट्झच!

सॅफिरीन-क्वार्ट्झची ही जोडी साध्या उष्णतेत जमत नाही, साधारण हजार अंश तरी लागतात. अंटार्क्टिकातल्या एन्डर्बी लँडमधून ती 1968 मध्ये नोंदली गेली, भारताच्या पूर्व घाटातही ती आहे. म्हणजे आमचे आठशे अंश कुठले? खडक थंड होतानाही गार्नेट आणि ऑर्थोपायरोक्सीन लोह-मॅग्नेशियमची अदलाबदल करत राहतात. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावावा, तसा तो आकडा. अ‍ॅल्युमिनियम मात्र सहजी हलत नाही, आणि आमच्या ऑर्थोपायरोक्सीनच्या गाभ्यात अ‍ॅल्युमिना दहा टक्क्यांच्या घरात होतं. ती तीव्र उष्णतेची खूण आम्ही तक्त्यात नुसती लिहून ठेवली होती.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्यानं डोळा लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "मॅग्नेटाइट किती आहे?" प्रश्न अगदी रास्त. मॅग्नेटाइट ही फेरिक, म्हणजे जास्त ऑक्सिडीकरण झालेल्या, लोहाची खूण; सॅफिरीनमध्ये ते लोह जास्त असलं तर हीच जोडी कमी तापमानालाही टिकते. स्पिनेल-क्वार्ट्झ या अशाच दुसऱ्या जोडीच्या बाबतीत तर जस्तही असाच घोळ घालतं, म्हणून नुसत्या त्या जोडीवर माझा कधीच भरवसा नसतो. छेद इंच इंच सरकवत पाहिला. मॅग्नेटाइट तुरळक. एका कोपऱ्यात ऑर्थोपायरोक्सीन, सिलिमनाइट आणि क्वार्ट्झ एकमेकांना टेकून, म्हणजे नऊशेच्या वरचा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार.

संध्याकाळी अहवालात आठशेपुढे "थंड होतानाचं तापमान" असं लिहिलं आणि छेद रुटाइल या खनिजातलं झिर्कोनियम मोजायला पाठवला; त्यावरूनही तापमान काढता येतं. सोबत चिठ्ठी: गार्नेटच्या पोटात अडकलेले रुटाइलचे कण आधी घ्या.