फाइलीत नाही ते संगणकावर नाही

निक्सओएस या लिनक्स प्रणालीची ओळख करून देताना बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: सगळा संगणक एका फाइलीत लिहा, नवा लॅपटॉप आला की तीच फाइल चालवा, जुनं बस्तान जसंच्या तसं पुन्हा बसतं. हे खरं आहे, पण अर्धं. ती फाइल तुमच्या संगणकाचं खरं वर्णन तेव्हाच राहते, जेव्हा फाइलीला वळसा घालून बदल करायचे चोरदरवाजे तुम्ही बंद ठेवता. शिवाय काही गोष्टी फाइलीत कधीच येत नाहीत. त्या कुठल्या हे आधी माहीत नसेल तर ऐन वेळी घोटाळा होतो.

नेहमीच्या लिनक्सवर संगणकाची आजची अवस्था म्हणजे आजवर दिलेल्या सगळ्या कमांडींची बेरीज. अमुक पॅकेज कशासाठी घातलं होतं, ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरातली कुठली ओळ हाताने बदलली होती, याची नोंद कुठेच नसते. निक्समध्ये, म्हणजे निक्सओएसच्या मुळाशी असलेल्या पॅकेज-व्यवस्थापकात, आपण फक्त शेवटी काय हवं ते लिहितो, तिथवरची वाट निक्स काढतो. एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हे काम सुरू केलं आणि २००६ मध्ये त्यावरच पीएचडीचा प्रबंध लिहिला. कल्पनेचा गाभा असा: प्रत्येक पॅकेज निक्स-स्टोअर या सामायिक कोठारात स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात राहतं. त्या फोल्डराच्या नावाआधी ३२ अक्षरांचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेली खूण, असतो आणि ते पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून बनलं त्या सगळ्यांवरून तो हॅश निघतो. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात. नवी अवस्था जुनीला पुसत नाही, तिच्या बाजूला उभी राहते. म्हणूनच बूट मेनूत मागच्या सगळ्या 'जनरेशन', म्हणजे जपून ठेवलेल्या अवस्था, दिसतात आणि काही बिघडलं तर आधीची निवडून काम चालू ठेवता येतं.

मुख्य फाइल 'कॉन्फिगरेशन.निक्स'. तिच्या शेजारची 'हार्डवेअर-कॉन्फिगरेशन.निक्स' ही यंत्रानेच तयार केलेली असते. तिच्यात डिस्कच्या ओळखी असतात, म्हणून ती जुन्या लॅपटॉपवरून उचलून नव्यावर टाकू नका. तिथे 'निक्सओएस-जनरेट-कॉन्फिग' चालवून नवी बनवा. बदल केल्यावर 'निक्सओएस-रीबिल्ड' मुख्यतः तीन प्रकारे चालवता येतं. 'टेस्ट' म्हणजे बदल आत्ता लागू करा, पण रीस्टार्टनंतर जुनीच अवस्था येऊ दे. 'बूट' याच्या उलट: आत्ता काही हलवू नका, पुढच्या वेळी नवं सुरू करा. 'स्विच' म्हणजे दोन्ही. नेटवर्क, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा लॉगिन स्क्रीनला हात लावला असेल तर आधी 'टेस्ट' करायची सवय लावून घ्या.

भाषेच्या चुका सुरुवातीला फार छळतात, पण त्या मोजक्याच आहेत. 'नाव = किंमत' अशा प्रत्येक नोंदीच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो राहिला तर एरर बहुतेकदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवते, म्हणून नेहमी एक ओळ मागे बघा. चौकटी कंसातल्या यादीत मात्र स्वल्पविरामही नाही आणि अर्धविरामही नाही, फक्त मोकळी जागा. त्यामुळे यादीत एखादं फंक्शन वापरायचं असेल तर त्याला गोल कंसात घालावंच लागतं, नाहीतर निक्स फंक्शन आणि त्याला दिलेली किंमत हे यादीतले दोन वेगळे घटक समजतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी फाइलीत हव्यात. पहिली लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग. 'ईएन_आयएन' किंवा 'एमआर_आयएन' एवढंच लिहा, पुढे '.यूटीएफ-८' जोडू नका. ग्लिब्सी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या यादीत ही दोन नावं त्या शेपटाशिवाय आहेत आणि शेपूट लावलं की 'अनसपोर्टेड लोकेल' म्हणून बांधणीच थांबते. माझा सल्ला असा: मुख्य लोकेल इंग्रजी ठेवा, म्हणजे एररचा मजकूर शोधताना उत्तरं सापडतात, आणि 'एक्स्ट्रा-लोकेल-सेटिंग्ज'मध्ये फक्त वेळेचं लोकेल मराठी करा, म्हणजे वार आणि महिने मराठीत दिसतात. दुसरी गोष्ट फॉन्ट. 'फॉन्ट्स.पॅकेजेस'च्या यादीत नोटो आणि लोहित देवनागरी घाला. जुन्या लेखांत याच पर्यायाचं नाव 'फॉन्ट्स.फॉन्ट्स' असं सापडेल, ते आता बदललं आहे. लोहित देवनागरीत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच ते उमटतात, एरवी हिंदी वळण दिसतं. तिसरी गोष्ट टायपिंग. 'इनपुट-मेथड' चालू करा, प्रकार आयबस (टायपिंग हाताळणारा प्रोग्रॅम) द्या आणि त्याच्या इंजिनांत एम१७एन घाला. इनस्क्रिप्ट आणि रोमन अक्षरांवरून टाइप करायचे मराठी आराखडे त्यातूनच येतात. पॅकेजांच्या साध्या यादीत नुसतं आयबस टाकून भागत नाही. पर्यायातून चालू केल्याशिवाय प्रोग्रॅमना लागणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बसत नाहीत, मग आयबस दिसतं पण अक्षर उमटत नाही.

आता पहिला मोठा चोरदरवाजा. नुसती 'कॉन्फिगरेशन.निक्स' दुसऱ्या संगणकावर नेली तर तीच सिस्टीम तयार होईल याची खात्री नाही. कारण पॅकेजांची कुठली आवृत्ती घ्यायची हे त्या फाइलीत नसतं, रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) 'चॅनल'मध्ये, म्हणजे पॅकेजांच्या निवडलेल्या स्रोतात असतं, आणि चॅनल ही कमांडीने बदललेली, कुठेही न लिहिलेली अवस्था आहे. यावरचा उपाय म्हणजे फ्लेक. 'फ्लेक.निक्स'मध्ये कुठून घ्यायचं ते लिहायचं आणि 'फ्लेक.लॉक'मध्ये नेमकी कुठली कमिट (त्या स्रोताची नोंदलेली अवस्था) हे आपोआप नोंदलं जातं. निक्सच्या लेखी फ्लेक अजून प्रायोगिक आहेत, म्हणून 'एक्सपेरिमेंटल-फीचर्स'मध्ये 'निक्स-कमांड' आणि 'फ्लेक्स' हे दोन्ही चालू करावे लागतात. तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट फ्लेकच घ्यावेत असं मला ठामपणे वाटतं. एक खाच लक्षात ठेवा: फोल्डर गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असेल तर गिटला माहीत नसलेली फाइल फ्लेकला दिसतच नाही. नवी फाइल डोळ्यांसमोर असूनही 'ती अस्तित्वात नाही' अशी एरर येते. कमिट करायची गरज नाही, 'गिट ॲड' पुरे.

निक्सओएसची आवृत्ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. २५.०५ म्हणजे २०२५ चा मे. प्रत्येकीला साधारण सात महिने आधार मिळतो. होम मॅनेजर (घरच्या फोल्डरासाठीचं जोड-साधन, त्याबद्दल पुढे) वापरत असाल तर त्याची शाखाही त्याच आकड्याची घ्या आणि त्याला तुमचंच निक्सपॅकेजेस, म्हणजे पॅकेजांचा संग्रह, वापरायला लावा, नाहीतर पॅकेजांचे दोन वेगळे संच डाउनलोड होतात.

होम मॅनेजर घरच्या फोल्डरातल्या फाइली सांभाळतो आणि तो उबुंटू, फेडोरा किंवा मॅकवरही चालतो. पहिल्यांदा चालवताना तो बहुतेक वेळा अडतोच, कारण बॅशची किंवा गिटची फाइल आधीपासून असते आणि तो तिच्यावर लिहायला नकार देतो. 'बी' पर्यायाने 'बॅकअप' असं शेपूट दिलं की जुनी फाइल बाजूला सरकते. पण त्या नावाची फाइल आधीच पडलेली असेल तर पुन्हा अडतो, तेव्हा ती हाताने हलवा. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे 'सेशन-व्हेरिएबल्स' लिहूनही लागू होत नाहीत. बॅश किंवा झेडशेल स्वतः होम मॅनेजरच्या ताब्यात असेल तरच ती आपोआप वाचली जातात, आणि त्यानंतरही लॉगआउट करून परत यावं लागतं.

होम मॅनेजरने ठेवलेल्या फाइली स्टोअरकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात आणि स्टोअर फक्त वाचता येतं. म्हणून व्हीएस कोडची सेटिंग फाइल अशी ठेवली की त्याच्या खिडकीतून केलेला बदल जतन होत नाही. ज्या प्रोग्रॅमला स्वतःची फाइल सतत लिहायची असते, तिथे 'एमके-आउट-ऑफ-स्टोअर-सिमलिंक' वापरून लिंक थेट तुमच्या गिट फोल्डरातल्या फाइलीकडे वळवा.

दुसरा चोरदरवाजा 'निक्स-एन्व्ह', म्हणजे थेट कमांडीने पॅकेज घालणं. त्याने घातलेलं पॅकेज चालतं, पण फाइलीत कुठे दिसत नाही आणि सिस्टीम अपडेट केली तरी जुन्याच आवृत्तीवर राहतं. तात्पुरतं काही हवं असेल तर 'निक्स शेल' वापरा, बाहेर पडलात की ते संपलं. इंटरनेटवरून उतरवलेला तयार प्रोग्रॅम मात्र सहसा चालत नाही, आणि कधी कधी फाइल समोर असताना 'नो सच फाइल' असं उत्तर मिळतं. सापडत नाही तो प्रोग्रॅम नव्हे, त्याला सुरू करून देणारा लोडर. तो निक्सओएसवर नेहमीच्या जागी नसतो. 'निक्स-एलडी' चालू केलं की बरेचसे प्रोग्रॅम चालतात.

जुन्या जनरेशन जागा खातात. स्टोअर बघता बघता कित्येक जीबींचं होतं, म्हणून आठवड्याची आपोआप साफसफाई फाइलीतच लिहा आणि ३० दिवसांपेक्षा जुनं काढायला सांगा. हाताने करत असाल तर सूडो लावून करा, नाहीतर फक्त तुमच्या खात्यातल्या जनरेशन जातात आणि सिस्टीमच्या राहतात. विंडोजच्या शेजारी निक्सओएस टाकलं असेल तर खरी अडचण बूट पार्टिशनची. विंडोज ते बहुतेकदा १०० एमबीचंच करतो आणि दोन-तीन वेगवेगळ्या कर्नलांत ते भरून जातं. सिस्टमडी-बूटचा (बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) 'कॉन्फिगरेशन-लिमिट' लहान ठेवा, आणि शक्य असेल तर सुरुवातीलाच १ जीबीचं स्वतंत्र पार्टिशन करा. नुसती साफसफाई करून बूट पार्टिशन रिकामं होत नाही, त्यानंतर एकदा रीबिल्ड करावं लागतं.

'स्टेट-व्हर्जन' हा आकडा नव्या आवृत्तीबरोबर वाढवू नका. नावावरून तसं वाटत असलं तरी तो सिस्टीमची आवृत्ती ठरवत नाही, जुन्या डेटाशी जुळवून घ्यायला असतो. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस या डेटाबेसची कुठली मोठी आवृत्ती घ्यायची हे त्यावरून ठरतं आणि डेटाचं फोल्डर त्या आवृत्तीच्या नावाचं असतं. आकडा बदलला की नवं पोस्टग्रेस नव्या, रिकाम्या फोल्डरात सुरू होऊ शकतं आणि डेटाबेस उडाला असं वाटतं. तो जुन्या फोल्डरात शाबूत असतो. जनरेशन मागे नेल्याने डेटा मागे जात नाही, हेही याच ओघात लक्षात ठेवा. त्यासाठी बॅकअप वेगळाच लागतो.

पासवर्ड आणि चाव्या फाइलीत उघड्या लिहू नका, कारण स्टोअरमधलं सगळं त्या संगणकावरच्या कुणालाही वाचता येतं. त्यासाठी 'सॉप्स-निक्स' किंवा 'एजनिक्स' ही गुपितं कूटबद्ध ठेवणारी साधनं आहेत.

फाइलीबाहेर काय राहिलं ते पकडायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे 'निक्सओएस-रीबिल्ड बिल्ड-व्हीएम'. त्याच फाइलीवरून एक कोरा आभासी संगणक तयार होतो आणि 'रिझल्ट' फोल्डरातल्या स्क्रिप्टने सुरू होतो. बहुतेकांची पहिली अडचण लॉगिनलाच येते: पासवर्ड कमांडीने ठेवलेला असतो, फाइलीत नसतो. फक्त व्हीएमपुरता (या आभासी संगणकापुरता) 'इनिशियल-पासवर्ड' 'व्हीएम-व्हेरियंट'मध्ये लिहा. आधीच्या खेपेची 'क्यूकाउ२' डिस्क-फाइल, ज्या फोल्डरातून स्क्रिप्ट चालवली तिथेच राहते, ती प्रत्येक वेळी आधी पुसा. नाहीतर सुरुवातीचा पासवर्ड बसणार नाही, आणि मागच्या खेपेला हाताने केलेले बदल फाइलीतूनच आले असा समज होईल.