अर्धं तिकीट

"एसटीला अर्धंच तिकीट लागलं ना, उरलेलं अर्धं यात."

आज साताऱ्यात शिक्षकांसाठीच्या मोफत गणित कार्यशाळेतून निघताना एक बाई एवढंच म्हणाल्या.

'यात' म्हणजे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. वर स्केचपेनने लिहिलं होतं: ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वह्यांसाठी. कुणी मागत नव्हतं. बाईंनी दोन नोटा घडी घालून टाकल्या, पर्सची चेन लावली, परत उघडली आणि पाचाचं नाणंही टाकलं. दिवसभर दहा-दहा काड्यांचे दशक बांधून त्यांच्या बोटांवर रबराचे लाल वळ उठले होते.

मी मात्र सकाळपासून त्या डब्यावरून तीनदा गेलो होतो.

याच जिल्ह्यात, कराडजवळच्या काले गावी, १९१९ साली कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढलं जायचं. मुष्टी फंड म्हणायचे त्याला.

परत फिरलो, पैसे टाकले. पण ते 'उरलेलं अर्धं' अजून कानात आहे. आपली इतकी मोफत प्रशिक्षणं होतात, चहाच्या टेबलावर असा एक डबा का नको?

पुढची कार्यशाळा कुणाकडे आहे? डबा मी आणतो.