देव न मानणाऱ्याची पायदळ वारी

पातूर सोडलं की मेडशीकडे जाणारा रस्ता घाटात शिरतो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी याच वाटेनं पंढरपूरला जाते. आमच्या गावची दिंडी तिच्यापुढं चिमूटभर. मृगाचा पाऊस नुसते शिंतोडे टाकून गेलेला, डांबर तापलेलं. मी देव मानत नाही हे दिंडीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी हटकत नाही. मलाही टाळ धरायला लाज वाटत नाही. मी जातो चालायला, माणसं पाहायला, आणि खरं सांगायचं तर दुपारच्या पिठलं-भाकरीला.

घाटात सावली धरून टेकलो तर समोर वानरांचा कळप. एक मादी दुसरीच्या पाठीवरचे केस बोटांनी दुभंगून, डोळे बारीक करून काहीतरी वेचत होती. अलीकडे आमच्यातली एक सून वाटेत सामील झालेल्या, ओळख ना पाळख अशा म्हातारीच्या टाचेतला काटा सुईनं काढत होती. तिचेही डोळे तसेच बारीक, जीभ दातांत धरलेली.

सकाळीच दिंडीतले कीर्तनकार महाराज म्हणाले होते, धर्म नसता तर माणूस जनावर झाला असता. मला हे कधीच पटलं नाही. जनावर तर आपण आहोतच, आणि चांगुलपणाचा बराचसा ऐवज तिथूनच आलेला आहे. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या संशोधकांनी 2003 मध्ये कॅपुचिन माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच कामाचं शेजारणीला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळतेय असं दिसलं की माकडिणी काकडी नाकारायच्या. पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडी भाकर वाढून पाहा, वारकरीही हेच करतील.

म्हणून निसर्गालाच देव करून बसायचं, असंही नाही. याच वानरांबद्दल सुगियामा या जपानी संशोधकानं 1960च्या दशकात धारवाडकडे नोंदवून ठेवलंय की नवा हुप्प्या, म्हणजे म्होरक्या नर, कळपाचा ताबा घेतो तेव्हा अंगावरची पिल्लं मारून टाकतो. माया आणि क्रौर्य दोन्ही एकाच कळपात.

धर्मानं केलं काय, तर कळप मोठा केला. अनोळखी म्हातारीही 'माउली' झाली, हे लहान काम नाही. पण कुंपण घातलं तेही धर्मानंच. चोखोबा आमच्या बुलढाण्यातल्या मेहुणाराजाचे मानले जातात. त्यांची समाधी विठ्ठलाच्या दाराबाहेर. ते दार दलितांना उघडावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. आमचे गाडगेबाबा पंढरीला जायचे, पण देवळात पाय ठेवत नसत. बाहेर झाडू मारायचे, आणि त्यांनी तिथं चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. मला वारीत कुणाचं बोट धरावंसं वाटलं तर ते त्यांचंच.

हे सगळं मी शेजारच्या आजीला सांगत होतो. काटा निघालेली तीच. टाचेला हळद दाबत तिनं विचारलं, "माकडाले मांगून वाईट वाटते का रे, बापू? का बा, आपन चुकलो?"

मी गप्प. कारण डार्विननंही 1871 मध्ये जवळपास हेच लिहिलं होतं: मागच्या कृतीकडे वळून पाहून ती बरी की वाईट हे ठरवू शकतो तो नैतिक प्राणी, आणि इतर प्राण्यांत ही कुवत असल्याचं मानायला आधार नाही. मग म्हटलं, "आजी, ते वाईट वाटणं चार लोकांच्या धाकानं."

"रातच्याले वावरात कोन रायते पाहाले? शेजाऱ्याचा धुरा कोरतांनी हात काहून थांबते मंग?"

"कुठं थांबतो? तहसिलीत जाऊन पाहा, बांध-धुऱ्याच्या भांडणांचे गठ्ठे पडलेत. आणि कोरणारे माळकरीही असतात."

आजी खुदकन हसली. काठी उचलून तिनं पुढं पताका घेऊन चाललेल्या एका पांढऱ्या टोपीकडे दाखवलं.

"मले काय सांगतं? तो माहा दीर होय. नांगराचे दोन तास धुरा कोरला त्यानं आमचा. चाल, ऊठ, त्याले पानी नेऊन दे. सकायपासून उपाशी हाय तो."